तात्या म्हणायचे, पाती बदला

धारच्या आमच्या शाळेत त्या दिवशी अकरावीची पोरं अणुबॉम्बवरून भांडत होती. एका बाजूला ‘हवा’वाले, दुसऱ्या बाजूला ‘नको’वाले, मध्ये मी. भांडण ऐन रंगात आलं तेव्हा मी टाळी वाजवून म्हणाले, “पाती बदलो,” आणि बाकं खडखडवत निम्मा वर्ग इकडून तिकडे धावला. आता ‘हवा’वाल्यांनी ‘नको’ची बाजू मांडायची. त्या गोंधळात दाराशी माझा जुना मित्र गोपाल दिसला. सोयाबीनच्या सौद्यासाठी देवासहून बदनावरच्या मंडीत जाताना तो कधीकधी धारला उतरतो, म्हणून मी हसून हात केला. तो हसला नाही. “ताई, तात्या गेले,” एवढंच म्हणाला. मागे पोरं नव्या बाजूने तावातावाने बोलायला लागली होती... त्यांना थांबवावं असं मला वाटलंच नाही. तात्यांनीही थांबवलं नसतं.

ज्यांना देवास माहीत नाही त्यांना हे ‘पाती’ प्रकरण सांगायला हवं. आमचं देवास म्हणजे पूर्वी एका गावात दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, आणि मध्ये हद्द म्हणून साधा रस्ता. तात्या सुभेदारांचं घराणं धाकट्या पातीच्या चाकरीतलं, तर काकूंचं माहेर थोरल्या पातीतलं. तात्या इतिहासाचे मास्तर. बोलणं अजून दरबारी थाटाचं, मराठी जुन्या वळणाची. “आमचें लग्न आंतरराष्ट्रीय,” ते सांगायचे, “वरात सरहद्द ओलांडून गेली, पण युद्ध कांही झालें नाही.” त्यावर आतून काकूंचा आवाज यायचा, “तें नंतर सुरू झालें.”

सत्तरच्या दशकात कारखाने आले आणि माझ्या बाबांना नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून देवासला आलो. मी सोळा-सतरा वर्षांची, नाकावर राग घेऊन फिरणारी. हिंदी धड येत नव्हती आणि मराठी बोलायला कारखान्याच्या कॉलनीबाहेर कोणी नव्हतं. अशात कळलं, की हद्दीच्या रस्त्यावर तात्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रविवारी सकाळी तरुण पोरं जमतात, जगावर भांडतात आणि वर पोहेही मिळतात. मी गेले आणि वेडीच झाले! भिंतीवर जगाचा नकाशा, समोरासमोर दोन बाकडी, मध्ये तात्यांची वेताची खुर्ची. ज्या देशांची नावं मी परीक्षेपुरती पाठ केली होती, तिथल्या माणसांसाठी इथली पोरं घसा फोडत होती. आठवडाभर मी रविवारची वाट बघायचे, वाचनालयातले पेपर पालथे घालायचे. कारखान्याच्या भोंग्यापलीकडे एवढं मोठं जग आहे आणि त्यात मलाही मत आहे, याचा आनंद कसा सांगू... अजून अंगावर काटा येतो.

वाद तापला की तात्या पंचा झटकून म्हणायचे, “पाती बदला.” एकदा विषय दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा होता. मी ठणकावलं, “मी गोऱ्यांच्या बाजूने बोलणार नाही.” तात्या म्हणाले, “मत बदलूं नकोस गे. जागा बदल. तिथून काय दिसतें आणि त्यांना भय कसलें वाटतें, तेवढें सांग.” मी मुकाट्याने गेले. बोलले वाईटच, पण माणूस दुष्टपणाला कशी कारणं शोधतो ते पहिल्यांदा कळलं.

आणि मग तो रविवार. आदल्या आठवड्यात कारखान्यात भरती झाली होती, गावातल्या पोरांना घेतलं नव्हतं आणि कॉलनीच्या बसवर दगड पडले होते. बसमध्ये बाबा होते. त्या सकाळी कॉलनीवाले एका बाकड्यावर, गाववाले दुसऱ्यावर, आणि नकाशाकडे कोणी बघेना. गोपाल आमच्या घरी दूध घालायचा, बैठकीतला माझा सगळ्यात लाडका शत्रू. तोच उठला. “हमारे खेत पे कारखाना, और नौकरी पूना-सातारा वालों को? भिया, ये कौन-सी शांति है?” मी ओरडले, “माझे बाबा परीक्षा देऊन आलेत, कोणाचं चोरून नाही.” पोरं चपला शोधायला लागली. त्या दिवशी ती जिना उतरली असती तर पुन्हा एकत्र चढली नसती, हे सगळ्यांना कळत होतं. तात्या खुर्चीतून उठले. “पाती बदला,” ते म्हणाले. कोणी हललं नाही. मग मीच उठले, का ते आजही सांगता येत नाही. गोपालच्या जागेवर बसले आणि मोडक्या हिंदीत बोलू लागले, “जिस कुएँ में मैं तैरना सीखा, वो इन्होंने बुझा दिया...” मला म्हणायचं होतं विहीर बुजवली. मराठी क्रियापद तसंच हिंदीत ढकललं, आणि हिंदीत तर दिवा बुझतो. गाववाली पोरं फिस्सकन हसली. गोपाल हसला नाही. “हाँ,” तो हळूच म्हणाला, “बुझा ही दिया.”

मग तो माझ्या जागेवर बसला. दूध घालता घालता शिकलेल्या मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझी आई रोज दारात उभी राहते. दूधवाल्याशीच बोलते. तिला इथे करमत नाही.” आईने हे आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मी तिथेच रडले. भरतीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पण पोरं चपला घालायची विसरली आणि काकूंना दुसऱ्यांदा पोहे टाकावे लागले.

गेल्या रविवारी मी देवासला गेले. काकू सामान बांधत होत्या, मुलाकडे ग्वाल्हेरला कायमचं जायचं म्हणून. माझा तोल गेला. बैठक बंद कशी करता, कॉलनीच्या नव्या पोरांनी जायचं कुठे, तात्यांना काय वाटेल... मी बोलतच सुटले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसत समोरच्या बाकड्यावर, माझ्या जुन्या जागी, जाऊन बसल्या आणि वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“पाती बदल.”

त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. तिथून दोन्ही बाकडी दिसतात, रिकामी. उघडं दार दिसतं आणि जिन्याचं वरचं टोक, जिथून कोणी येत नाही. काकूंची बाजू मांडायला मी तोंड उघडलं, मुलाचं, तब्येतीचं काहीतरी सांगणार होते, पण निघालं भलतंच.

“मला आता इथे करमत नाही.”

काकूंनी पदर सावरला. मग माझ्या जागेवरून, अगदी माझ्यासारखं नाक फुगवून म्हणाल्या, “मग रविवारी पोरांना घेऊन येते.” आणि लगेच स्वतःच्या आवाजात, “पोहे मात्र आम्ही करूं.”