सुमतीबाईंच्या घरची प्रार्थना

सुमतीबाई साळवी माझ्या शेजारच्या घरात राहतात, आणि त्यांच्याशी मी जसा वागलो ते मला अजून पचलेलं नाही. आधी त्या कशा आहेत ते सांगतो, माझं मागाहून.

खांदा कॉलनीतली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, दोघांची घरं दुसऱ्या मजल्यावर, मध्ये एक भिंत. बाई चौतीस वर्षं नर्स होत्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

सकाळी उठलं की त्या ओट्यावर एक बाटली भरून ठेवतात. अर्धा लिटर, डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिलेली. दिवसभराचं सगळं पाणी त्यातलंच: गोळ्यांचं, चहाचं, घशाला कोरड पडली तर ओठ ओले करायचं. कुणाकडे कपभर चहा घेतला की घरी येऊन बाटलीतलं कपभर पाणी अबोलीच्या कुंडीत ओततात. मी एकदा म्हटलं, "अहो, एका कपाने काय होतंय? बघायला कोण बसलंय इथे?" तर म्हणाल्या, "चौतीस वर्षं पेशंट किती पाणी प्यायले ते लिहून घेतलं, कमलाकरभाऊ. आता स्वतःलाच फसवू?"

मी न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होतो, आता रिटायर. देवाधर्माच्या वाटेला जात नाही. माझी बायको चंद्रावती कॅन्सरने गेली, तेव्हा नवस, अभिषेक, सगळं करून झालं होतं. त्यामुळे बाई "मी समाधानी आहे" म्हणाल्या की माझं डोकं फिरायचं. कसलं समाधान? हातावर सुयांचे व्रण, पायांना सूज, घरात चिटपाखरू नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या चर्चची माणसं यायची, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. किडन्या काही बऱ्या झाल्या नाहीत, आणि माणसं हळूहळू यायची थांबली.

"त्यांना माझ्यासमोर अवघडतं," बाई म्हणायच्या. "आजार जावा म्हणून मागितलं, तो गेला नाही. आता पुढे काय मागायचं, ते त्यांना सुचत नाही."

"आणि तुम्हाला सुचलं?"

"मी आजचा दिवस मागते. तो मिळतो. प्रभू त्यात माझ्याजवळ असतो, एवढं मला पुरतं." मग खिडकीकडे बघून म्हणायच्या, "संध्याकाळी मात्र फार एकटं वाटतं हो."

समाधानी माणसाला एकटं कसं वाटतं, हे मला कळायचं नाही. मी आपला घरी येऊन टीव्ही मोठ्याने लावायचो. चंद्रावती गेल्यापासून माझ्याकडे तो दिवसभर चालूच असतो.

त्यांच्या चर्चच्या मंडळींत दर बुधवारी संध्याकाळी सहाला कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. घरं ओळीने ठरलेली. गाणी होतात, वाचन होतं, मग त्या घरची बाई आलेल्या एकेका घराचं नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करते, आणि शेवटी चहा. बाईंचं डायलिसिस नेमकं बुधवारी असायचं, म्हणून तीन वर्षं त्यांचं घर यादीतून गळालं होतं. यंदा वार बदलले आणि यादीत त्यांचं नाव आलं. पंधरा दिवस दुसरा विषय नाही. पडदे धुतले, कप मोजून काढले. कोणत्या घरात कुणाची परीक्षा आहे, कुणाची सून बाळंत व्हायची आहे, सगळं कागदावर लिहून ठेवलं. बुधवारी सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हेसुद्धा ठरवलं. सगळ्यांबरोबर पूर्ण कपभर चहा प्यायचा होता त्यांना.

आता माझं.

मंगळवारी दुपारी बाई डायलिसिसला गेल्या होत्या. यादी सांभाळणारी समृद्धी नावाची मुलगी गाण्याची पुस्तकं घेऊन आली. शेजारी कुलूप, म्हणून माझी बेल वाजवली. "मावशींची तब्येत कशी आहे, काका?"

"कशी असणार? परवा जिना चढताना चारदा बसल्या," मी म्हणालो. "आणि तुम्ही पंधरा माणसं घरात शिरणार. बाईला मारायचंय का?"

पोरीचा चेहरा उतरला. "आमच्या लक्षातच आलं नाही. मग उद्याची प्रार्थना मी माझ्याकडे घेते, ग्रुपवर कळवते. पण मावशी ग्रुपवर नाहीत, त्यांचा फोन साधा. तुम्ही सांगाल?"

"सांगतो," मी म्हणालो. पुस्तकांची पिशवी घेऊन ती गेली. फार मोठं काम केल्यासारखं मला वाटलं.

संध्याकाळी बाई रिक्षातून उतरल्या त्या थेट माझ्या दारात. चेहरा पांढराफटक, पण हसत होत्या. "कमलाकरभाऊ, तुमच्या खुर्च्या द्याल उद्यापुरत्या?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो चेहरा बघून माझी हिंमतच झाली नाही. सहा खुर्च्या उचलून त्यांच्या घरात मी स्वतः मांडून आलो.

बुधवारी साडेपाचपासून मी टीव्ही बंद करून बसलो होतो. सहा वाजले. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही. सव्वासहा झाले. त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लोटल्याचा. साडेसहाला भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं. एकटीचा आवाज, मध्ये धाप लागून तुटत होता. एक गाणं झालं, मग दुसरं. मला माझीच लाज वाटली.

मी उठलो आणि त्यांचं दार ढकललं. खुर्च्या रिकाम्या, मध्ये बाई, मांडीवर तो कागद. ओट्यावरची बाटली सकाळी भरली तशीच होती.

मी सगळं सांगितलं. समृद्धीचं, माझ्या बोलण्याचं, काल सांगायची हिंमत न झाल्याचं.

"तुम्ही कोण हो ठरवणारे?" बाईंचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मला काय झेपतं ते मला विचारायचंत! तीन वर्षं मी या एका संध्याकाळची वाट पाहिली. मेले असते तर माणसांत मेले असते!" त्यांना रडू आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत.

"आत्ता फोन करतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"आता कुठे फोन करता? चहा पीत असतील ते तिकडे." मांडीवरचा कागद त्यांनी हाताने सरळ केला. मग म्हणाल्या, "तुमचा टीव्ही आज बंद होता. तेव्हाच वाटलं, काहीतरी झालंय. बसा."

उठून त्यांनी पंधरा कपांच्या पातेल्यातला चहा गरम केला. दोन कप भरून आणले, एक माझ्यासमोर ठेवला, एक स्वतःसमोर. मी कप उचलला तर म्हणाल्या, "थांबा. आधी प्रार्थना, मग चहा. आमची रीत आहे."

कागद त्यांनी घडी करून बाजूला ठेवला आणि डोळे मिटले.

"प्रभू, आज एकच घर आलंय. कमलाकरभाऊंचं. त्यांनी चंद्रावतीला जाताना पाहिलंय, म्हणून आता मला बघून ते घाबरतात. मला भीती नाही, तुला माहीत आहे. त्यांची भीती काढून घे. आणि भिंतीपलीकडे त्यांना फार एकटं वाटतं, तिथे त्यांच्याजवळ बस."

चंद्रावती गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं.

"आता आमेन म्हणायचं असतं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाई थांबल्या. सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेली ती बाई, समोर चहावर साय धरली तरी माझ्यासाठी थांबून राहिली.