वसंताच्या पोटातला गंज

महिन्यापूर्वी सकाळी मनालीचा फोन आला. "काका, बाबा गेले..." झोपेतच, हृदय बंद पडून. माझ्या मनात सगळ्यात आधी आला तो तिच्यापासून लपवलेला वसंताच्या पोटाचा रिपोर्ट, आणि माझी मलाच लाज वाटली. कारण त्याच्या पोटात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं.

वसंता माझा चारकोपचा शेजारी. साकीनाक्याला त्याचं छोटं वर्कशॉप, लोखंड कातायचं एक लेथ मशीन. एकुलत्या एक मुलीने, मनालीने, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पण हा तिला मशीनला हात लावू देईल तर शपथ. पोरीने ऑफिसात बसावं, एवढाच हेका. गेल्या वर्षी वसंताचं रक्त कमी झालं म्हणून दुर्बिणीने पोट तपासलं, तर लहान आतड्याच्या अस्तरावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. तुकडा तपासायला गेला, रिपोर्टला आठ दिवस. वसंताने स्वतःच कॅन्सर ठरवून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी मनालीला रजा घ्यायला लावून मशीनपुढे उभं केलं. खेकसायचा तिच्यावर, पण शिकवायचा मात्र जीव तोडून.

रिपोर्टचं पाकीट त्याने डॉक्टरांपुढे फोडलं तेव्हा मी सोबत होतो. काळा रंग साचलाय, दुर्मीळ आहे पण धोका नाही. लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, किडनी यांमुळे होतं कधीकधी, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर वसंता खो खो हसला. "म्हणजे गंज चढलाय रे! जन्मभर लोखंड कापलं ना..." मग म्हणाला, "मनालीला बोलू नको. मी बरा आहे कळलं तर ऑफिसात परत जाईल. झकास हात आहे यार तिचा."

मी चिडलो. पोरीला धास्तीत ठेवतोस? "सांगतो रे, चार दिवसांनी." ते चार दिवस वर्षभर लांबले. तिने नोकरीही सोडली. मी तोंड उघडलं नाही, ते मला फार टोचत राहिलं.

दिवसकार्य उरकल्यावर परवा वर्कशॉपवर गेलो, सगळं सांगून तिची माफी मागितली. ती फडक्याला हात पुसत होती.

"काका, तुम्ही पाकीट फोडलंत त्याच्या आदल्या दिवशीच रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला होता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बाबा गप्प होते. मला वाटलं, विषय काढला तर म्हणतील, मी बरा आहे, तू जा ऑफिसला."

 तिने मशीन सुरू केलं, गिअरच्या झाकणावर तळवा टेकवला आणि थरथर जोखत क्षणभर थांबली. वसंता रोज सकाळी असाच थांबायचा. मग तिने कामाचा तुकडा मशीनला लावला.