कृपाच्या हातची भाकरी

मिरजगावजवळच्या त्या संस्थेचं काम बंधारे बांधायचं आणि बायकांना शेळीपालन शिकवायचं. पैसे देणाऱ्यांनी एका वर्षी सांगितलं की प्रत्येक कामात एचआयव्हीची जागृती घाला. मग संस्था चालवणाऱ्या अवधूत सरांनी ती मीठ घालावं तशी घातली. बंधाऱ्याच्या भिंतीवर एचआयव्हीच्या खुणेची लाल फीत रंगवली. शेळ्यांना लस टोचायच्या शिबिरातही तासभर भाषण ठेवलं, आणि शेळ्या उन्हात ताटकळल्या.

कृपा तिथं स्वयंपाक करायची. नवरा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो त्याच आजारानं गेला, जाताना आजार तिलाही देऊन गेला. सिव्हिलच्या गोळ्यांवर ती ठणठणीत होती, फक्त कुणाजवळ बोलली नव्हती. भाषणं ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. सोबत जेवल्यानं हा आजार होत नाही, हे सर इतकं मन लावून सांगायचे की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास असेल असं तिला वाटलं. एका बैठकीत ती उठून म्हणाली, "सर, मला हाय तो आजार."

टाळ्या पडल्या. सरांनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी तिला रोपवाटिकेत पाठवलं. चुलीचा धूर तब्येतीला बरा नव्हे, म्हणाले. संस्थेत स्वयंपाक गॅसवर व्हायचा.

तिच्यासोबत भाकरी थापणारी दगडाबाई मात्र सरळ बोलली. "मला भ्या वाटतं गं. तुज्या कपानं काय हुतं का?" कृपा तिला सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दगडाबाईनं विचारायचं ते सगळं विचारलं, आणि परतताना स्टँडवर दोघींनी एका बशीत भजी खाल्ली.

पुढं पैसे देणारे पाहुणे यायचे ठरले, तेव्हा सरांना कृपा आठवली. चांगलं लुगडं नेसून या, चार शब्द बोला, असा निरोप आला. ती म्हणाली, येते, पण त्या दिवशी जेवण मी रांधणार. सरांना नाही म्हणायची सोय नव्हती.

पाहुणे पोटभर जेवले. ती सरांच्या ताटात भाकरी वाढायला गेली, तर त्यांनी ताटावर हात धरला. त्यांचा उपवास होता म्हणे. सकाळीच त्यांनी सगळ्यांदेखत मिसळ हाणली होती.

माईक हातात आला तेव्हा कृपा एवढंच बोलली, "सर लई चांगलं शिकवत्यात. दगडाबाई शिकली. सर तेवढे राहिले." मराठी न कळणाऱ्या पाहुण्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात तिनं काम सोडलं. आता ती आणि दगडाबाई हायवेला खानावळ चालवतात. ट्रकवाले जेवायला बसले की ती आजाराचं बोलते, स्वतःचंही सांगते. एखादा ताट सोडून उठतो. ती त्याला थांबवत नाही, दुसऱ्याला गरम भाकरी वाढते.