नानांचा डावा हात

पेटीचं झाकण उघडलं की जुन्या लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि मला धुळ्यातलं आमचं चर्च आठवतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. उपासनेत पेटी वाजवणाऱ्या नानांचा उजवा हात लकव्याने गेला होता, म्हणून पाळकांनी मला बसवलं. समोर साठेक माणसं उभी होती. पहिल्याच गीताला माझा भात्यावरचा हात इतका थरथरला की सूर तुटू लागले.

नाना पहिल्या बाकावरून उठले, पेटीपलीकडे बसले आणि डाव्या हाताने भाता मारू लागले.

"लोके तुले ऐकाले नई येल शेतस, भाऊ," ते हळूच म्हणाले. "गाणं लोकेच म्हणतीन. तू बोटं चालाव."

सूर सरळ निघाला.

असे पाच रविवार गेले आणि माझी भीती मोडली. सहाव्या रविवारी ते नेहमीसारखे येऊन बसले, तेव्हा मी म्हणालो, "नाना, आता माझं मला जमतं. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"बरं शे," म्हणत ते उठले आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

म्हाताऱ्या माणसाचा त्रास वाचवला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज मी पंचावन्नचा आहे. तो त्रास नव्हता, पेटीतला त्यांचा तेवढाच वाटा उरला होता, हे आता कळतं.

त्या दिवशी माझी एकही चूक झाली नाही. पाळकांनी पाठ थोपटली. नानांना सांगावं म्हणून मी वळलो, तर शेवटचा बाक रिकामा होता.