न्यायला कोण येणार?

केंब्रिजच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसणाऱ्या काकू मूळच्या नागपूरच्या. फॉर्म वाचताना त्यांचे ओठ हलायचे, आणि काही खटकलं की त्या पेनचं टोपण त्यावर टकटक वाजवायच्या.

माझ्या डिप्रेशनवर तिथे केटामाइनच्या सहा डोसांची ट्रीटमेंट ठरली होती. औषधानंतर डोकं तरंगतं, म्हणून घरी न्यायला कोणीतरी लागतं. नाहीतर अपॉइंटमेंट कॅन्सल. त्या रकान्यात मी आईचा साताऱ्याचा नंबर लिहिला.

टकटक. "आई काय विमानानं येते का घ्यायला, बाप्पा?"

"काकू, मी बेसमेंटमध्ये एकटाच राहतो."

"ज्याचं इथं कोणी नाही, त्यालाच हे औषध लागते. अन् त्यालाच परत पाठवतात." त्यांनी नंबर खोडून स्वतःचं नाव लिहिलं. सहाही वेळा त्यांनीच मला घरी सोडलं.

शेवटच्या खेपेला मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, "मंगळवारी चारला ये. एका बाईला घरी न्यायचं आहे. तिचंही कोणी नाही. तुझं नाव लिहिलं मी."

"पण काकू, माझ्याकडे गाडी नाही."

टोपण रकान्यावर वाजलं. "इथं माणूस विचारला आहे. बसनं ने."