दोन वाजल्यानंतरचं कांडप

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडिलांची फाउंड्री बंद पडली आणि आईनं ठरवलं, पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन बसवायचं. कोल्हापुरात चटणीशिवाय कुणाचं पान हलत नाही, धंदा चालणार हे नक्की होतं. घर त्यावरच चालायचं होतं. परवान्याच्या अर्जाला लगतच्या घरमालकांची ना-हरकत लागायची. दोन भिंती, दोन सह्या, मिटला विषय, असं मला वाटलं.

पण आमची आई! कागद घेऊन अख्खी गल्ली फिरली आणि दारोदार आधी वाईट तेवढंच सांगत सुटली. "भिंती हादरतील. ठसका लागंल, डोळं चुरचुरतील. काय असंल ते आत्ताच बोला, मागनं भांडायला येऊ नका." मी कॉलेजात जाणारी, तिच्याशेजारी लाजेनं अर्धी झाले. वडील भडकलेच, "अगं, परवाना मागतीयास का गल्ली पेटवतीयास?" तरी गल्लीनं सह्या दिल्या. एक पैलवान तर म्हणाला, "काकी, शिंकंला कोण भितंय? कुठं करू सही, बोला!"

डाव्या भिंतीपलीकडचा मालक सांगलीला राहायचा. त्यानं स्टँडवर उभ्या उभ्याच सही दिली. त्या घरात भाड्यानं राहायची दवाखान्यातली एक सिस्टर. कायम रातपाळी. सकाळी आठला झोपायची ती दोनपर्यंत.

"तिची सही कशाला?" मी म्हटलं.

"झोप कुणाची मोडणार हाय? मालकाची व्हय?"

सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "न्हाय काकी. दिवसा झोप झाली न्हाय तर रात्री कुणाला तरी चुकीचं इंजेक्शन देईन मी." झालं! हातात सह्या असताना आई स्वतःहून नकार घेऊन आली. मी नाही नाही ते बोलले. तिसऱ्या दिवशी आईनं अर्जाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मशीन दुपारी दोननंतरच चालेल.' मग सिस्टरनं सही केली.

कचेरीतला क्लार्क हसला. "बाई, भाडेकरूची सही लागतच न्हाय. उगं पायावर धोंडा मारून घेतलासा."

"तुम्हास्नी लागत न्हाय. मला लागती."

उन्हाळ्यात बायका सकाळीच डबे घेऊन यायच्या आणि कुलूप बघून पुढच्या चौकातल्या कांडपाला जायच्या. माझा जळफळाट व्हायचा. "तिच्या झोपंपायी आपण उपाशी मरायचं का?" आई मिरच्यांची देठं खुडत म्हणायची, "कोण मरत न्हाय. दोन वाजू देत की." आज कबूल करते, ही ताकद माझ्यात नव्हती. अजून नाही.

बरीच वर्षं गेली. सिस्टरची आजऱ्याला बदली झाली. निघताना ती आईचे हात धरून म्हणाली, "काकी, उद्यापास्नं सकाळीच लावा. लई वर्सं थांबलासा." आई रडली. मला मात्र आनंद मावेना.

दुसऱ्या दिवशी आठला मी किल्ली घेऊन तयार. तेवढ्यात शेजारी नव्या भाडेकरूंचा टेम्पो लागला. कपाट उतरायच्या आत आई त्यांच्या दारात. "पावणं, आमचं कांडप हाय. भिंती हादरतील, ठसका लागंल. घरात दिवसा कोण झोपतं का?"

आतनं तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

मी गपगुमान किल्ली परत खुंटीला अडकवली.