मुसलमानाची बाटली

तरुणपणी मला पेपरचं भारी वेड. दौंडच्या आमच्या आळीत वाचता येणाऱ्या बायका होत्या, पण रेडिओवरच्या बाईसारखा आवाज लावून, नखरा करून वाचणारी मी एकटीच. दुपारी ओट्यावर माझा दरबार भरायचा. छापलं ते खरंच, असं मानणारी दीडशहाणी होते मी.

आम्ही ख्रिस्ती, शेजारच्या खाला मुसलमान. खालांच्या मुलीची सोयरीक शिरूरला ठरली होती. मंगनीसाठी पुण्याहून आणलेली गुलाबपाण्याची मोठी बाटली खालांनी आमच्याकडे ठेवली, कारण त्यांच्या घरात पोरांचा सुळसुळाट. ती नेमकी आईच्या हातून आमच्या उंबऱ्यावर फुटली. मग काय!

"भाबी, दुसरी आणून देते म्हनते ना!"

"दौंडात मिळती का तसली? नाक हाय का तुमाला?"

आळीभर आवाज गेला. टेशनाजवळच्या हॉटेलात कुणीतरी विचारलं, कसला गोंधळ? बघून आलेला म्हणाला, "मुसलमानाची बाटली, ख्रिश्चनाच्या घरात." तिथंच एका पेपरचा बातमीदार चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि थेट बातमी लिहायला घेतली. आमच्या दारापर्यंत यायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत मेल्यानं.

पेपर आला. मी घसा साफ करून सुरू केलं, "दौंडात मुसलमान तरुणी बाटली. ख्रिस्ती घरात आसरा. दोन समाजांत तणाव." वर हळहळलेही, "कोण गं ही अभागी?" खालांची मुलगी शेजारी बसून माझ्यासोबत चुकचुकत होती. आमच्या दोघींच्या अकलेचं काय सांगावं! उमगलं ते आईला.

"अगं बयांनो, बाटली म्हंजी आपली गुलाबपाण्याची!"

आम्ही पोट धरून हसलो. शिरूरला कुणी हसलं नाही. नाव छापलं नव्हतं, पण ख्रिस्ती शेजार असलेली दौंडची मुलगी म्हणजे हीच, असं त्यांनी धरलं आणि तिकडून निरोप आला, मंगनी होणार नाही.

तणाव छापून आला, मग खरोखरच आला. चर्चपाशी एक पोलीस बसला, मशिदीपाशी दुसरा. नळावर बाया एकमेकींकडं पाठ करून हंडे भरायला लागल्या. आई आणि खाला मात्र मुलीला घेऊन एस.टी.नं शिरूरला गेल्या. मीही गेले. मुलाच्या चुलत्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आम्हाला सरबत दिलं.

"पटलं आमाला. पोरीत खोट न्हाई."

"मंग अडलं कुठं, चाचा?" आईनं विचारलं.

"छापून आलंय ना. ज्याला त्याला कुठं समजावीत बसू?"

पटलंय, तरी नाही!

आम्ही परत आलो, तर बातमीदार दारात हजर. सोबत फोटोवाला.

"दोघी मावश्या जरा शेजारी उभ्या ऱ्हावा. सलोख्याची बातमी देतो."

खालांची मुलगी पुढं झाली. "दादा, माझी सोयरीक मोडली, ते देनार का?"

त्यानं पेन्सिल कानावर अडकवली. "ते घरगुती झालं, ताई. त्यात कसली बातमी?"

आईनं त्याच्या तोंडावर दार लावलं. पुढच्या अंकात सलोखा फोटोविनाच आला, जाड अक्षरांत. शिरूरहून कुणी आलं नाही.